आधी चहा, मग वाट्या

नोव्हाय, मिशिगन
२७ ऑक्टोबर १९८५

ती. कांचनताई,

पाया पडतो. लांबूनच, म्हणजे तुला कान पकडता येणार नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तरी मधे तोंड घालता येत नाही.

पहिली गोष्ट, नोकरी शाबूत आहे. पेट्रोल पंप, मोटेल आणि डोनटचं दुकान मिळून जेवढा टिकलो नाही, तेवढा या एका ठिकाणी टिकलोय. तेव्हा आता बार्शीच्या तिकिटाची भाषा बंद कर.

दुसरी गोष्ट, तू बजावल्याप्रमाणे खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली. तू विचारलं होतंस की ही फॅक्टरी नक्की कसली. मी मागं टाळलं, कारण तू घाबरतेस. बंदुकीच्या तोंडाला लावायची, आवाज दाबणारी नळी आम्ही करतो. इथं ती रीतसर मिळते. सरकारला अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, कर भरायचा. शिकारी घेतात, पोलीस घेतात. नळीत एकापुढे एक पोलादी चकत्या बसवतात, मधे भोक असलेल्या. मी त्यांना वाट्या म्हणतो. त्या घासणं, पुसणं, तेल लावून भरणं हे माझं खातं. बाबांना मी नुसतं ‘वाट्या करतो’ एवढंच कळवलंय. भांड्याच्या दुकानदाराचा मुलगा अमेरिकेत जाऊनही वाट्याच करतो, म्हणून ते सगळ्या पेठेत सांगत फिरतायत.

तर मालक गस लिंडक्विस्ट जेवायला गेला होता. मी लेथ मशीनला हळदकुंकू वाहिलं, शेजारणीच्या कुंडीतले झेंडू आणले होते ते घातले. वाट्यांचा ट्रे भरलेला होता, त्यालाही कुंकू वाहिलं, मालाला नको का? नारळ लेथच्या पायावर फोडला. एका फटक्यात दोन भकलं. पाणी असं उडालं की ट्रेवर, माझ्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळीकडे शुभच शुभ झालं. मग बऱ्यापैकी पुसून घेतलं. खोबरं मी गसला दिलं, त्यानं कॉफीबरोबर खाल्लं.

भावजींना नमस्कार. विक्रमला पापा.

तुझा श्रीरंग


एडिसन, न्यू जर्सी
५ नोव्हेंबर १९८५

चि. श्रीरंग,

आशीर्वाद, आणि कान पकडायला मी ग्रेहाउंडच्या बसनंसुद्धा येऊ शकते.

पूजा केलीस ते वाचून बरं वाटलं. कुठलं हत्यार पूजतो आहेस ते वाचून बरं वाटलं नाही. हे म्हणाले, "लीगल आहे, काळजी नको." विक्रम म्हणाला, "मामा इज सो कूल." मला दोन्ही उत्तरं आवडली नाहीत. बाबांना मात्र वाट्याच राहू देत.

मी काय म्हणते ते नीट ऐक. ह्यांनी तुझ्यासाठी पेपर्स फाइल केले, तेव्हा तुझी हमी घेतली. नववीत शाळा सोडलेल्या मेव्हण्यासाठी कोण एवढं करतो? तीन नोकऱ्या तू स्वतःच्या पायांनी सोडल्यास. ही गेली तर मी स्वतः जाऊन तिकीट काढणार, एकच बाजूचं. तोंड बंद ठेव, काम कर.

फराळ पाठवते आहे. चिवडा इथल्या भाताच्या कुरमुऱ्यांचा आहे, सकाळी दुधात घालून खातात त्यांचा. पोहे पातळ मिळाले नाहीत. कुणाला सांगू नकोस, खाऊन कळत नाही.

कांचनताई


नोव्हाय
११ जानेवारी १९८६

ती. ताई,

तोंड बंद ठेवलं होतं, ताई. शपथ. तोंडाचा काही दोष नाही.

आर्कान्सामधून एका गिऱ्हाइकाची तक्रार आलीय. टिब्ज नावाचा कोंबडीवाला आहे. रात्री रॅकून, म्हणजे इथली रानमांजरासारखी चोरटी जनावरं, त्याच्या कोंबड्या पळवतात. बंदूक उडवली की रॅकून मरतो, पण आवाजानं बाकीच्या कोंबड्या आठवडाभर अंडी घालत नाहीत. म्हणून त्यानं आमची नळी घेतली. आता त्यानं ती परत पाठवलीय, सोबत चिठ्ठी: "दोन महिन्यांत आतून सडली. माझा कुंपणाचा खिळासुद्धा याहून जास्त टिकतो."

गसनं मला डबा उघडायला सांगितलं. उघडला, नळी उलटी केली, आणि वाट्या बाहेर आल्या. ताई, लाल. सगळ्या लाल, खड्डे पडलेल्या. गस म्हणाला हे पोलाद भंगार आहे. स्टीलवाल्याला त्यानं फोन लावला आणि जे बोलला ते मी तुला लिहू शकत नाही, निम्मं मला कळलंही नाही.

पण मला कळलंय. डब्यावरची तारीख खंडेनवमीच्या आठवड्यातली आहे. तोच ट्रे. नारळाच्या पाण्यात मीठ असतं का गं? भावजींना विचार, पण मी विचारलंय असं सांगू नकोस. विक्रमच्या शाळेचा प्रश्न आहे म्हण.

गसला अजून काही बोललो नाही. बोललो तर नोकरी गेली. नाही बोललो तर तो स्टीलवाला बिचारा फुकट शिव्या खातोय. टिब्जला उत्तर द्यायचं काम गसनं माझ्यावर टाकलंय, कारण त्याचं स्वतःचं तोंड फार खराब आहे.

तुझा श्रीरंग


एडिसन
१७ जानेवारी १९८६

चि. श्रीरंग,

ह्यांना सांगितलं. विक्रम दुसरीत आहे, त्याला नारळाच्या पाण्याचं पृथक्करण कोण देणार?

देवाच्या नारळानं गंज चढत नाही. तू बूट घालून पूजा केली असशील, त्याचं फळ आहे. माझं मत हे. ह्यांचं मत वेगळं आहे आणि ते शेजारी उभे राहून सांगताहेत, ते लिहिते: नारळाच्या पाण्यात क्षार असतात, पण पुसून तेल लावलं असेल तर दोन महिन्यांत खड्डे पडणार नाहीत. गिऱ्हाइकाला विचार, तो ते कशानं धुतो. हे पहिलं विचार. बाकी नंतर. (हे त्यांनी दोनदा सांगितलं, मी एकदाच लिहिलं.)

आणि बूट काढले होतेस का ते कळव.

ताई


नोव्हाय
२५ जानेवारी १९८६

ती. ताई,

बूट काढले नव्हते. फरशीवर लोखंडाचा कीस पडलेला असतो, पाय कापले असते. देवाला चालत नसेल तर त्यानं झाडू मारावा.

टिब्जला फोन केला. भावजींचा प्रश्न घोकून ठेवला होता. पण बाबांचा नियम आठवला. लोटा गळतो म्हणून कुणी बोंबलत दुकानात आलं तर बाबा लोट्याकडे बघायचे का? आधी पाणी, मग गूळशेंगदाणे, मग चहा, मग मुलीचं लग्न जमलं का. लोटा तासभर पायरीवर बसून राहायचा. तक्रारीची वस्तू आधी बघायची नाही, माणूस बघायचा. 

म्हणून मी टिब्जला विचारलं, कोंबड्या कशा आहेत? तो म्हणाला, "तुला काय करायचंय?" मी म्हटलं अंडी परत सुरू झाली का, काळजी वाटते. मग जो सुटला. कुठल्या कोंबडीला काय होतं, बायको लोरीनचा गुडघा, जावई कसा कामाचा नाही. मला निम्मं कळत होतं, निम्म्याला मी बार्शीसारखं "हो ना, हो ना" करत होतो. गसनं दोनदा घड्याळ दाखवलं. शेवटी विचारलं, वाट्या धुता कशानं? तो एकदम ताठ झाला. "तेलानं. फक्त तेलानं. पुस्तकात लिहिलंय तसं." आणि फोन ठेवला.

म्हणजे नारळच, ताई.

आता आर्कान्साला चहा कसा पाजणार? म्हणून मी पोस्टानं पाठवला. चहापत्तीचा पुडा, आणि तुझ्या चिवड्याचा अर्धा डबा. मी जपून खात होतो म्हणून उरला होता. चिठ्ठीत लिहिलं, नळी दुरुस्त करून मिळेल, तोवर हे खा, लोरीनबाईंच्या गुडघ्याला शेक द्या.

गस पुढच्या महिन्यात सगळा उरलेला माल भंगारात काढणार आहे आणि स्टीलवाल्यावर वकील घालणार आहे. अजून बोललो नाही.

श्रीरंग


एडिसन
३१ जानेवारी १९८६

श्रीरंग,

माझा चिवडा तू कोंबडीवाल्याला दिलास. मी तीन रात्री ओव्हनमध्ये कुरमुरे भाजले ते ह्याच्यासाठी?

ते राहू दे. हे पत्र मिळेल त्या क्षणी गसला सांग. हे म्हणतात चूक कोणाची ते नंतर ठरेल, पण त्या स्टीलवाल्याच्या घरीही चूल असेल. मला ते पटलं. मी तोंड बंद ठेव म्हणाले होते, ते इथं लागू नाही.

नोकरी जाईल. जाऊ दे असं मी म्हणत नाही. सांग, एवढंच म्हणते.

ताई


नोव्हाय
६ फेब्रुवारी १९८६

ती. ताई,

सांगितलं.

इंग्रजीत खंडेनवमी सांगून बघ एकदा, मग माझ्यावर चीड. मी म्हटलं, वर्षातून एक दिवस आम्ही मशीनला थँक्यू म्हणतो. एवढं गसला पटलं. मग म्हटलं, थँक्यू म्हणून त्याच्यावर नारळ फोडतो. ते पटलं नाही. "जो मी कॉफीबरोबर खाल्ला तो?" मी म्हटलं तोच.

तो उठला आणि उरलेल्या ट्रेजवळ गेला. एक वाटी उचलली, आत बोट घातलं, बोट लाल. पण त्यानं अंगठ्यानं चोळलं, वास घेतला. म्हणाला हा गंज नाही, ही पावडर आहे. मी म्हटलं हो, ते आशीर्वादाचं आहे. खाली धातू चकचकीत होता, ताई. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडे कुंकू, गंज कुठंच नाही. मला वाटलं सुटलो. पण गस म्हणाला, या तेलात पडून आहेत, टिब्जची बंदुकीवर होती, गरम होत होती, कुणास ठाऊक. विचार करताना त्याला कपाळावर अंगठा चोळायची सवय आहे. चोळला. बरोबर मधोमध, लांबट, असा टिळा लागला की गुरुजींनाही जमला नसता. आणि तसा टिळा लावून तो मला विचारतोय, "तू वेडा आहेस का?"

हसलो असतो तर मेलोच असतो. नाकातून आवाज आला, त्याला वाटलं मी रडतोय. जरा मऊ झाला. म्हणाला, "घरी जा." मी विचारलं उद्या येऊ का, तर म्हणाला, "मी बँकेत चाललोय." तसाच गेला, टिळा लावून. सांगायला हवं होतं, पण त्या दिवसापुरतं माझं सांगणं संपलं होतं.

घरी येऊन बसलोय. बर्फ पडतंय. बॅग भरून ठेवलीय, तू सांगायची वाट नको म्हणून. बॅगेत मावेल एवढंच आहे सगळं, ते एक बरं आहे. खरं सांगू, या वेळी जावंसं वाटत नाही. आजवर नोकरी मी सोडायचो. तिनं मला सोडलं की कसं वाटतं ते पहिल्यांदा कळलं.

श्रीरंग


एडिसन
११ फेब्रुवारी १९८६

श्रीरंगा,

आधी इकडे ये. बार्शीचं नंतर बघू. विक्रमच्या खोलीत गादी घातली आहे. ह्यांनी ओक ट्री रोडवरच्या दुकानात विचारलं आहे, तिथं माणूस हवा आहे. ह्यांनीच, मी सांगितलं नव्हतं.

तिकीट वगैरे मी रागानं बोलते.

ताई


नोव्हाय
१५ फेब्रुवारी १९८६

ती. ताई,

गादी उचलून ठेव. पण परत लिही तसं पत्र कधीतरी. मी ते बूट काढून वाचलं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी गसची गाडी दारात. मला वाटलं चावी परत मागायला आला. आला तो सरळ आत, टोपी काढून माझ्या पलंगावर बसला. म्हणाला टिब्जचा फोन आला होता. कोंबड्यांची चौकशी करतो तो पोरगा पाहिजे म्हणाला, दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही. गसनं सांगितलं पोरगा घरी आहे. टिब्ज म्हणाला का? गसनं नारळाचं सांगितलं.

मग टिब्ज म्हणाला, "त्यानं मला खायला पाठवलं. मी त्याच्याशी खोटं बोललो."

झालं असं, ताई, त्याच्याकडे अंड्यांच्या जाळ्या भिजवायला ब्लीचची बादली असते, कपड्यांच्या ब्लीचची. जे जाळ्या धुतं ते नळीही धुईल म्हणून यानं वाट्या त्यात टाकल्या. आणि विसरला. जत्रेला गेला. आठवड्यानं काढल्या. चूक कळली होती, पण लोरीननं आधीच बजावलं होतं की टाकू नकोस, म्हणून त्याला कबूल करायचं नव्हतं. आमच्याकडे नाही गं, तिच्याकडे. तुझा चिवडा दोघं ओसरीवर बसून खात होती. लोरीन म्हणाली, एवढ्या लांबून कुणी माझ्या गुडघ्याला शेक सुचवतो, तू त्या माणसाचं काय केलंस? तेव्हा तो फुटला.

भावजींना सांग, प्रश्न त्यांचाच बरोबर होता. फक्त चहाच्या आधी विचारला गेला.

गस म्हणाला, "उद्या सात वाजता ये." दारात थांबला आणि म्हणाला, "नारळ पुढच्या वेळी पार्किंगमध्ये." मग गाडीपाशी जाऊन परत आला. "त्या दिवशी बँकेतली बाई माझ्याकडे बघून सारखी हसत होती. मला वाटलं तिला मी आवडलो. दोनदा परत जाऊन आलो." मी म्हटलं असेलही. आता ते मी जन्मात सांगणार नाही.

यापुढे तक्रारींचे सगळे फोन माझ्याकडे. आणि गसला स्टीलवाल्याची माफी मागायचीय. नुसतं तोंडानं जमणार नाही म्हणतो. त्यानं विचारलंय, तुझी बहीण ते कुरकुरीत आणखी करेल का? लोरीनबाईंनाही तीन डबे हवेत, त्या अंड्यांबरोबर विकणार आहेत. तुझा पत्ता दिलाय. रागावू नकोस.

तुझा श्रीरंग


एडिसन
१८ मार्च १९८६

चि. श्रीरंग,

रागावले नाही. उलट सांगायला नको, पण दोन दिवस मी हवेत होते. ह्यांनी बेसमेंटमध्ये टेबल मांडून दिलं. विक्रमनं लेबलं रंगवली. पहिलीच ऑर्डर म्हणून मी डबे देवासमोर मांडले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सगळं यथासांग केलं. बूट न घालता. आणि आर्कान्साला रवाना केले.

काल त्या बाईचं पत्र आलं. फार गोड लिहिलं आहे, पण लिहिलं काय, तर चिवडा सादळला आहे. तिन्ही डबे. चावताना आवाज येत नाही म्हणे.

माझा चिवडा आजवर कोणाचा सादळला नाही. बार्शीत नाही, एडिसनमध्ये नाही. तिनेच उघडा ठेवला असणार, त्या कोंबड्यांच्या शेडमध्ये. ह्यांचं म्हणणं झाकणं तपासू या. मी रात्री एक पत्र खरमरीत लिहिलं आणि फाडलं. तुझ्याकडे हे खातं आहे म्हणून विचारते. काय उत्तर द्यायचं?

ताई


नोव्हाय
२३ मार्च १९८६

ती. ताई,

तू मला विचारलंस. हे पत्र मी जपून ठेवणार आहे, विक्रमच्या लग्नात वाचून दाखवायला.

चिवड्याबद्दल अक्षर लिहू नकोस. आधी गुडघा कसा आहे विचार. मग कोंबड्या, त्यातली पांढरी आजारी होती, तिचं नाव डॉली. मग जावयाबद्दल थोडं वाईट बोल, म्हणजे तिला बरं वाटेल. चहाचा पुडा पाठव. पुढं ती आपणच सांगेल काय ते.

आणि ती सांगायच्या आत तू मला एक सांग, भावजींना न विचारता, खरं खरं. नारळ डबे बंद केल्यावर फोडलास, की आधी?

तुझा श्रीरंग
तक्रार खातं